वाचकांचे प्रश्न : वैशाखातील सायकलफेरी

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत सायकलीविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत, आणि त्याचे कारणही उघड आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईस शिकणारी मुले सुट्टीत घरी असतात, शेतातील कामांनाही थोडी उसंत असते. त्यामुळे तालुक्याच्या गावी सायकलफेरी भरविण्यास हाच काळ आयोजकांना सोयीचा वाटतो. माणसांच्या सोयीचा हा काळ उन्हाच्या दृष्टीने मात्र वर्षातील सर्वांत कठीण असतो. आलेल्या पत्रांतील बहुतेक शंकांचे मूळ या एकाच विसंगतीत असल्याने निवडक पत्रांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून मी चोपडा येथे नोकरी करतो. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या गावातून अडावदमार्गे उनपदेवपर्यंत आणि परत, अशी सुमारे ४५ किलोमीटरची सायकलफेरी आहे. सकाळी साडेसहाला हिरवी झेंडी दाखविली जाणार आहे. माझ्याकडे वडिलांची बावीस इंची, बिनगिअरची सायकल आहे. बरोबरचे तरुण गिअरच्या सायकली आणणार आहेत. रक्तदाबाची गोळी मी रोज घेतो. या फेरीत मी उतरावे का, आणि उतरल्यास सायकलीची काय तयारी करावी?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : आपण सायकलीविषयी विचारले आहे, परंतु आपल्या पत्रात काळजी करण्यासारखी गोष्ट सायकल नसून साडेसहाची वेळ आहे. मे महिन्याच्या सुरुवातीस आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो आणि त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे रस्ता दिसण्याइतका उजेड झालेला असतो. साडेसहाला झेंडी म्हणजे दिवसातील सर्वांत गार असा पाऊण तास मंडपात उभे राहून घालविण्यासारखे आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. चोपड्याहून अडावदकडे जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता पूर्वेकडे जातो. उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. रात्री तो मंद असतो आणि ऊन वर येऊन जमीन तापू लागली की नऊच्या पुढे जोर धरतो. म्हणजे जाताना वारा पाठीशी, पण मंद; आणि येताना वारा तोंडावर, तोही वाढलेला. जाताना आपण ताशी १७ किलोमीटरने गेलात, येताना ताशी १२ किलोमीटरने आलात आणि पाणी-नाश्त्यासाठी एकूण चाळीस मिनिटे थांबलात, तर साडेसहाला निघून घरी पोहोचेपर्यंत सव्वादहा ते साडेदहा वाजतील. तेवढ्या वेळात पारा पस्तिशी ओलांडून गेलेला असतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वाऱ्याने अंग निवत नाही; घाम वाळण्यावरच सारी भिस्त राहते. तीच फेरी साडेपाचला सुरू झाल्यास शेवटचा तास नऊच्या आसपास संपतो. पाय तेच, सायकल तीच, अंतरही तेच; दोन्ही फेऱ्यांच्या कठीणपणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आयोजकांना भेटून वेळ अलीकडे आणण्याची विनंती आपण अवश्य करावी. ती मान्य न झाल्यास अडावदपर्यंत जाऊन परतण्याची मुभा मागावी आणि ती संकोच न बाळगता वापरावी.

पाठीवरच्या वाऱ्याविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वारा मागून असताना सायकल हलकी चालते, परंतु आपण वाऱ्याबरोबरच पुढे सरकत असल्यामुळे अंगाला हवा लागत नाही, घाम वाळत नाही आणि शरीर आतून तापत राहते. तोंडावरचा वारा दमवितो, पण तोच घामही वाळवितो. म्हणून जाताना ‘आज सायकल कशी सुसाट चालली आहे’ असे वाटले तरी वेग वाढवू नये आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-दोन घोट पाणी घ्यावे.

आता सायकल. बावीस इंची सायकलीला कमी लेखण्याचे कारण नाही. याच सायकलींच्या कॅरिअरला दुधाच्या बरण्या बांधून दूधवाल्यांनी याच रस्त्यावर आयुष्ये काढली आहेत. पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दात मोजून पाहावेत. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते आणि मिनिटाला पन्नास फेऱ्यांच्या संथ लयीतही ताशी सोळा किलोमीटरचा वेग मिळतो. येतानाचा वारा लक्षात घेता मागे २० दातांचे फ्रीव्हील बसवून घेतल्यास गुडघ्यांवरील ताण जाणवण्याइतका कमी होईल. त्यासाठी चेनमध्ये एखादी कडी वाढवावी लागेल, इतकेच. आपले मिस्त्री ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते फेरीच्या पंधरा दिवस आधी करून घ्यावे, आदल्या दिवशी नव्हे. कारण उघडून बसविलेले छर्रे आणि ताणलेले आरे दोन-चार दिवस चालविल्यावर पुन्हा एकदा पाहावे लागतात.

सीटची उंची मात्र आपणच ठरवावी. सीटवर बसून, पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी; गुडघा सरळ झाला तर उंची योग्य समजावी, कारण प्रत्यक्ष चालविताना पाऊल पुढे घेतले की गुडघ्यात हवा तेवढाच वाक राहतो. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची आपल्याकडची सवय दहा किलोमीटरपर्यंत खपते. पंचेचाळीस किलोमीटरला ती गुडघ्याच्या वाटीशी भांडण काढते.

सराव आजपासूनच सुरू करावा. आधी रोज आठ-दहा किलोमीटर, आणि फेरीच्या आदल्या रविवारी एकदा तीस-पस्तीस किलोमीटर, एवढे पुरे. शेवटचे दहा ते चौदा दिवस सराव मुद्दाम थोड्या उन्हात, म्हणजे सात ते आठ या वेळेत करावा. इतक्या दिवसांत शरीर उन्हाला सरावते. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याने हा टप्पा गाळू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवितात, तर काही नाडीचा वेग वाढू देत नाहीत. उन्हातील श्रमात या दोन्हींचा परिणाम होतो. म्हणून गोळीचे पाकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि फेरीचे अंतर व वेळ सांगूनच सल्ला घ्यावा. गोळी मनाने बंद करू नये.

राहता राहिले उनपदेव. वैशाखात घामाघूम होऊन जायचे आणि पोहोचायचे ते गरम पाण्याच्या झऱ्याशी, ही कल्पना ज्या आयोजकांना सुचली त्यांच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. कुंडातील स्नान हिवाळ्यासाठी राखून ठेवावे. त्या दिवशी साध्या पाण्याने डोके आणि मान भिजविणे श्रेयस्कर.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून तालुक्याच्या गावी दरवर्षी सायकलफेरी घेतो. गेल्या वर्षी प्रमुख पाहुण्यांना उशीर झाल्याने फेरी तासभर उशिरा निघाली आणि परतीच्या वाटेवर अनेकांना चक्कर, गोळे येणे असा त्रास झाला. यंदा दीडशे सायकलस्वार अपेक्षित आहेत. कोणती व्यवस्था ठेवावी?
— आयोजक, पारोळा तालुका

उत्तर : पाहुण्यांना झेंडीसाठी न बोलावता प्रमाणपत्रे देण्यासाठी बोलवावे. सत्कार, दीपप्रज्वलन, मनोगत हे सारे फेरीनंतर सावलीत, ताकाचा पेला हाती असताना अधिक शोभते, आणि पाहुणे तासभर उशिरा आले तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही. झेंडी गावातील सर्वांत ज्येष्ठ सायकलस्वाराच्या हाती द्यावी. ते पाचलाच येऊन बसलेले असतात.

निघण्याच्या वेळेइतकीच फेरी संपविण्याची वेळही पत्रकावर छापावी. ‘नऊ वाजता रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाला सायकलीसह गाडीत घेतले जाईल’ असे आधीच लिहिलेले असले की त्या वेळी वाद होत नाहीत. त्यासाठी सर्वांत मागे एक रिकामी मालवाहू गाडी हवी आणि तिच्या चालकाने कोणत्याही परिस्थितीत शेवटच्या सायकलस्वाराच्या पुढे जाता कामा नये. गेल्या वर्षीच्या आपल्या वर्णनात ही गाडी ‘नाश्त्याची पाकिटे पोहोचविण्यासाठी पुढे गेली होती’ असे आहे. त्या एका वाक्यात बरेच काही आले. नाश्त्यासाठी दुसरी गाडी ठेवावी.

पाण्याची ठिकाणे जाताना दर दहा किलोमीटरवर पुरतात, परतीच्या वाटेवर ती पाच-सहा किलोमीटरवर असावीत. दुधाच्या कॅनमध्ये पाणी आणि बर्फ, शेजारी मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा कैरीचे पन्हे, आणि खाण्यास केळी, एवढे साहित्य पुरेसे आहे. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे सायकलस्वारांच्या हाती क्रीमची बिस्किटे देण्याचे प्रयोजन मला आजवर कळलेले नाही. ओआरएसची पाकिटे ठेवल्यास एक मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. घाईने पेलाभर पाण्यात घातलेले पाकीट अपाय करते. उलट, नुसते पाणी लिटरमागून लिटर प्यायला लावणेही बरे नाही, कारण त्याने रक्तातील सोडियम कमी होऊन डोके दुखणे, मळमळ आणि भ्रम होऊ शकतो.

ओल्या टॉवेलांची बादली मात्र प्रत्येक ठिकाणी हवी. हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका सायकलफेरीत, शेवटच्या पाण्याच्या ठिकाणी, एक पंचविशीतील तरुण सायकलीवरून उतरला आणि सायकलीचे हँडल हाती धरून ‘माझी सायकल कोठे आहे?’ असे विचारू लागला. भोवतालची मुले हसली. त्याचा सदरा घामाने निथळत होता, त्यामुळे ‘घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही’ असे एकाने ठामपणे सांगितलेही. परंतु श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते, आणि खरी खूण असते ती बोलण्या-वागण्यातील गोंधळ. रुग्णवाहिका दूर होती. शेजारी बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी होती. गोळेवाल्याने एक शब्दही न विचारता गोणपाटात गुंडाळलेली लादी उचलून आणली, दगडाने फोडली, आणि आम्ही त्या मुलाला बाभळीच्या विरळ सावलीत निजवून मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला, अंगावर पाणी ओतले व दोघांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांनी वारा घातला. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने स्वतःचे नाव आणि गाव नीट सांगितले, आणि नंतर आलेल्या रुग्णवाहिकेतून तो रुग्णालयात गेला. आपल्या स्वयंसेवकांना हाच क्रम पाठ असावा : १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, पण गाडीची वाट न पाहता आधी अंग गार करावे, शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणीही घालू नये.

पोलीस ठाण्यास लेखी कळविणे, मार्गावरील ग्रामीण रुग्णालयास दिनांक सांगून ठेवणे या गोष्टी आपण करीत असालच. महामार्गावरील टप्पा जितका कमी करता येईल तितका करावा. धुळे-जळगाव महामार्गावर अवजड वाहनांच्या शेजारून शाळकरी मुले नेण्यापेक्षा गावांना जोडणारा आतला रस्ता वळसा पडला तरी निवडावा.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर ३० किलोमीटरच्या फेरीत भाग घेणार म्हणते. तिच्या आजी म्हणतात, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. पाठवावे का?
— एक आई, अमळनेर

उत्तर : पाठवावे, पण पंधरा किलोमीटरच्या गटात. मुलांना मोठ्यांच्या मानाने घाम कमी येतो, आणि खेळाच्या भरात थांबावे असे त्यांना वाटत नाही. म्हणून त्यांच्यासाठी अंतर आपण ठरवावे लागते. आठच्या आत घरी परतेल अशी फेरी असेल तर काळजीचे कारण नाही. अंगात फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती कुडता असावा. ओढणी नको, कारण ती चेनमध्ये किंवा मागच्या आऱ्यांत गुंतून होणारे अपघात फार वाईट असतात. मानेला ऊन लागू नये म्हणून पांढरा रुमाल गाठ मारून आत खोचावा. हेल्मेट कायद्याने सक्तीचे नसले तरी आईने सक्तीचे करावे, आणि ते हवा खेळण्यास भोके असलेले असावे.

आजींच्या कांद्याविषयी : खिशातील कांदा शरीराचे तापमान कमी करीत नाही. परंतु आदल्या रात्री भाकरीबरोबर तो फोडून खाण्यास काहीच हरकत नाही, आणि कांदा खिशात घालताना आजी जर ‘पाणी पीत जा गं बाई’ असे दोनदा बजावत असतील, तर कांदा राहू द्यावा.

प्रश्न : सरावाच्या एकाच सकाळी माझ्या सायकलीचे तीन पंक्चर झाले. टायर नवीन आहे. ऊन्हाने हवा वाढून ट्यूब फुटते असे दुकानदार म्हणतो. खरे काय?
— एक विद्यार्थी, यावल

उत्तर : उन्हात उभ्या केलेल्या सायकलीच्या ट्यूबमधील दाब वाढतो, पण तो दहा-पंधरा टक्क्यांनी, धड टायरमधील धड ट्यूब तेवढ्याने फुटत नाही. तीन पंक्चर एकाच जागी झाले असतील, तर काटा अजून टायरमध्येच आहे. बांधावर आणि रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात पसरलेली सराट्याची वेल उन्हाळ्यात वाळून जाते, आणि तिची टणक, टोकदार फळे धुळीत पडून राहतात. ट्रकला वाट देण्यासाठी डांबरावरून साइडपट्टीवर उतरले की ती टायरमध्ये घुसतात. पंक्चर काढणारा ट्यूबला पॅच लावतो, टोक मात्र रबरात राहते. टायर पूर्ण उतरवून आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवावा. कापूस जेथे अडकेल तेथे काटा सापडतो. बोट फिरविल्यास तो बोटाला सापडतो. काटा चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढून काढावा. फेरीच्या दिवशी रस्त्यात पॅच चिकटवीत बसू नये. एक सुटी ट्यूब, टायर उतरविण्याच्या पट्ट्या आणि छोटा पंप जवळ ठेवावा, व पंक्चर झालेली ट्यूब घरी आणून सावकाश दुरुस्त करावी.

प्रश्न : आमच्या येथील फेरीत पहिला, दुसरा क्रमांक काढत नाहीत. मग वेगात जाणाऱ्याने भाग का घ्यावा?
— एक वाचक, शहादा

उत्तर : फेरी आणि शर्यत हे दोन वेगळे प्रकार आहेत. शर्यतीसाठी रस्ता बंद ठेवावा लागतो. वाहता रस्ता असताना क्रमांक काढणे म्हणजे तरुणांना एस.टी.शी स्पर्धा करण्यास सांगण्यासारखे होईल. लांब पल्ल्याच्या जगप्रसिद्ध ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांतही क्रमांक नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, अशी मुदत असते आणि मुदतीत आलेले सर्व जण सारखे मानले जातात. आपल्यात खरोखर वेग असेल, तर पहाटे लवकर निघून तोरणमाळचा घाट चढून पाहावा. तेथे क्रमांक काढण्यास कोणी लागत नाही. उतरताना मात्र ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाच्या आधी दाबून वेग कमी करावा आणि मग सोडावा, म्हणजे रिम आणि ब्रेकचे रबर तापून निकामी होत नाहीत.

प्रश्न : फेरीच्या आदल्या रात्री काय जेवावे? आमच्याकडे आदल्या दिवशीच शेवभाजीचा बेत ठरला आहे.
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : बेत फेरीच्या रात्रीवर ढकलावा. आदल्या रात्री कळण्याची भाकरी, साधे वरण, भात आणि ताक यांवर भागवावे, आणि लवकर झोपावे. खानदेशी शेवभाजीचा तिखट रस्सा पहाटे साडेचारला काय करतो हे धरणगावकरांना मी सांगण्याची गरज नाही, आणि उजाड रस्त्यावर आडोसा शोधत फिरण्यात जो वेळ जातो तोही उन्हातच मोजला जातो.